नारायणगावची ढोलकी आणि एक पुसलेली कॅसेट

परवा भाच्याचा फोन आला. तो न्यू जर्सीला असतो. ऑफिसातल्या एका ज्यू मित्राच्या लग्नाला गेला होता, आणि तिथे वाजलेलं संगीत मोबाइलवर रेकॉर्ड करून त्यानं मला पाठवलं होतं. "मावशी, ऐक आणि सांग, कुठलं वाटतं?" ऐकलं. क्लॅरिनेट आधी रडल्यासारखं, गळा दाटून आल्यासारखं वाजत होतं. मग मागून ड्रम आला, अकॉर्डियन आलं, आणि बघता बघता सगळा मांडव उठून नाचायला लागला असावा असा गलका. मी त्याला म्हटलं, "सूर परका आहे रे, पण माणसं ओळखीची वाटतात. आपल्या जत्रेतली." तो हसला. म्हणाला, "मलाही तेच वाटलं, म्हणून तर पाठवलं."

या संगीताला क्लेझमर म्हणतात. पूर्व युरोपातल्या ज्यूंचं लग्नातलं, सणासमारंभातलं संगीत. मूळ हिब्रू शब्द दोन, 'क्ली' म्हणजे साधन आणि 'झेमेर' म्हणजे गाणं. आधी हा शब्द वाद्यासाठी होता, मग तो वाजवणाऱ्या माणसालाच चिकटला. आणि चिकटला तोही काही फार मानानं नव्हे. लग्नात वाजंत्री हवाच, त्याच्याशिवाय लग्नाला शोभा नाही, पण मुलगी द्यायची वेळ आली की "वाजंत्र्याच्या घरात?" असा प्रश्न. हे वाचलं आणि मी मनात म्हटलं, वा, म्हणजे हेही आपल्याकडच्यासारखंच.

मग नादच लागला. रोज रात्री जेवणं झाली की कानाला हेडफोन लावून बसायचं आणि जुनी क्लेझमर रेकॉर्डिंग्ज शोधायची. आणि काय सांगू, खजिना आहे नुसता! १९२०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये नाफ्तुले ब्रांडवाइन नावाचा क्लॅरिनेटवाला होता. आपली बोटं कशी चालतात ते दुसऱ्या वादकांनी चोरू नये म्हणून तो म्हणे लोकांकडे पाठ करून वाजवायचा. त्याच्या शंभर वर्षं जुन्या तबकड्या आज घरबसल्या ऐकता येतात. खरखर आहे, ड्रम जेमतेम ऐकू येतो, पण काय जोम! त्याच्यानंतरचा डेव्ह टॅरस जास्त सफाईदार, जास्त गोड. ज्यांना ऐकून बघायचं असेल त्यांनी आधी टॅरस ऐकावा आणि मग ब्रांडवाइन, म्हणजे खरखरीची सवय होते. यातल्या बऱ्याच चालींमध्ये एक स्वरमेळ सारखा भेटतो. कोमल रिषभ, शुद्ध गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद. आपल्या वसंतमुखारीचेच स्वर! त्यामुळे कान पटकन रमतो.

या तबकड्यांची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत वाढलेल्या पुढच्या पिढीला हे आजोबांचं संगीत नकोसं झालं, त्यांना जाझ हवा होता. तिकडे युरोपात दुसऱ्या महायुद्धात ती गावंच नाहीशी झाली, वाजवणारे गेले आणि नाचणारेही गेले. १९७५च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावात काही तरुणांनी 'द क्लेझमोरिम' नावाची मंडळी जमवली, आणि त्यांच्यासारख्या आणखी काही जणांनी या जुन्या तबकड्या पुन्हापुन्हा ऐकून चाली बसवल्या. गुरू कमी उरले होते, तर तबकडी गुरू झाली. आज जे क्लेझमर जगभर वाजतं, भाच्यानं मला जे पाठवलं, ते बरंचसं त्या खरखरीतून परत आलेलं आहे.

आणखी एक. पहिल्या महायुद्धाच्या आधी, १९१२ ते १९१४ या काळात अन्-स्की नावाच्या लेखकानं युक्रेनमधल्या ज्यू वस्त्यांमध्ये फिरून मेणाच्या नळकांड्यांवर गाणी-वाजवणं मुद्रित केलं. पुढे मोइसेइ बेरेगोव्स्की या संशोधकानं कीव्हमध्ये तो साठा सांभाळला, वाढवला. त्या माणसाला १९५०मध्ये अटक झाली, सैबेरियातल्या छावणीत जावं लागलं. तो १९६१मध्ये वारला. नळकांडी नष्ट झाली असंच सगळे धरून चालले होते. १९९०च्या दशकात ती कीव्हच्या ग्रंथालयात सापडली! ज्यानं ती सांभाळली तो ते ऐकायला नव्हता.

हे सगळं वाचून झाल्यावर एका रात्री साहजिकच मनात आलं, की आता आपलं शोधू. माझं माहेर आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या पुढे. तिथून नारायणगाव असं कितीसं लांब? आणि नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. चैत्र-वैशाखाच्या जत्रा जवळ आल्या की पुणे-नाशिक रस्त्यावरच्या या गावात फडमालकांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे पुढारी, यात्रा कमिटीचे लोक येतात, तारखा बघतात, घासाघीस करतात आणि सुपारी देऊन जातात. गुढीपाडव्याच्या आसपास तर नुसती झुंबड. २०२०मध्ये करोनानं जत्राच बंद पडल्या तेव्हा त्या राहुट्यांवर काय वेळ आली ते आपण वर्तमानपत्रांतून वाचलंच आहे.

आमच्याकडच्या जत्रेचा क्रम ठरलेला. रात्री छबिना, मग तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेऱ्या, दुपारी कुस्त्यांचा आखाडा. तमाशाचाही क्रम ठरलेला. आधी गण, मग गवळण, त्यात मावशी आणि कृष्ण, मग बतावणी, मग लावण्या, आणि शेवटी वग, तो पहाटेपर्यंत. पण हे मला आता पुस्तकं वाचून सांगावं लागतंय. कारण लहानपणी मी तमाशा कधी पाहिलाच नाही. आमच्या घरातल्या बायका-पोरी तमाशाला जात नसत. मी तमाशा ऐकला. उन्हाळ्यात अंगणात बाजेवर पडून, मारुतीच्या देवळासमोरच्या पटांगणातून कर्ण्यावर येणारा तो आवाज. ढोलकी कडाडायची, मग हलगी, मग घुंगरांचा एक झराच सुटल्यासारखा व्हायचा. सोंगाड्या काहीतरी बोलायचा, ते वाऱ्यानं अर्धंच पोचायचं, आणि पाठोपाठ पाचशे माणसं एकदम हसायची. आई म्हणायची, "झोप गं आता." पण तीही जागीच असायची. मला तर कधी कधी अंधारात तिची बोटं बाजेच्या ठाव्यावर वाजताना ऐकू यायची.

म्हणजे माझ्या लेखी तमाशा हे बघायचं नव्हे, ऐकायचंच. त्यामुळे त्याचं रेकॉर्डिंग नसणं मला जरा जास्तच लागतं.

आता नारायणगावचं मोठं नाव म्हणजे विठाबाई. भाऊ-बापू मांग नारायणगावकर हा त्यांच्या घरचा फड. भाऊ वडील, बापू चुलते. जन्म १९३५चा, पंढरपूरचा. नऊ महिने भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, मध्येच कळा आल्या, मागे जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि लोक थांबले आहेत म्हणून परत उभ्या राहिल्या, ही गोष्ट महाराष्ट्रात कुणी ऐकली नाही? १९६२च्या युद्धात सैनिकांसमोर त्यांनी कार्यक्रम केले. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. आणि शेवटची वर्षं हलाखीत गेली. १५ जानेवारी २००२ला त्या गेल्या. पुढे सरकारनं त्यांच्या नावानं तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पण मंडळी, आवाज? ब्रांडवाइनचं कुठलं गाणं कोणत्या साली, कोणत्या कंपनीनं, कोणत्या क्रमांकाच्या तबकडीवर काढलं ते मला दहा मिनिटांत कळलं. विठाबाईंचं, पहाटे तीन वाजता पटांगण जागं ठेवणारं गाणं शोधायला बसले तर हाती लागले ते तुकडे. कुठे मुलाखतीतली एखादी ओळ, कुठे कॅसेटवरून उतरवलेलं काहीतरी, साल नाही, साथीला कोण त्याची नोंद नाही.

असं का झालं असेल? मी माझ्यापुरता विचार केला तो असा.

पहिलं कारण तंत्राचं. आपल्याकडे तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२मध्ये, कलकत्त्यात. फ्रेड गैसबर्ग नावाचा साहेब आला आणि गौहर जानचा आवाज घेऊन गेला. त्या तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटं, फार तर साडेतीन. तेवढ्यात एक लावणी बसते, तीही घाईत. बतावणी कशी बसणार? वग तर रात्रभराचा. शिवाय सुरुवातीच्या काळात विजेचा मायक्रोफोन नव्हता, कर्ण्यात तोंड घालून गायचं. ढोलकी जवळ आणली तर सुई उडणार, लांब ठेवली तर ऐकू येणार नाही. म्हणजे जी ढोलकी तमाशाचा प्राण, तीच मागे ठेवायची! क्लेझमरवाल्यांचीही हीच अडचण होती, त्यांचाही ड्रम तबकडीवर दबलेलाच आहे. पण त्यांचं नाचाचं एक गाणं तीन-चार मिनिटांत संपवता येत होतं. आपल्या तमाशाचा मोठा भाग तबकडीच्या मापाचाच नव्हता.

दुसरं कारण बाजाराचं. लावणी तबकडीवर खूप आली, नाही असं नाही. पण ती घरात वाजवता येईल अशी होऊन आली. सुलोचना चव्हाण यांचं उदाहरण घ्या. लावणीसम्राज्ञी त्या, आणि तो किताब त्यांना शोभतोच. पण त्या तमाशाच्या बोर्डावर कधी नाचल्या नाहीत. डोक्यावरून पदर घेऊन माइकसमोर उभं राहून गायच्या. चित्रपटातही तेच. 'सांगत्ये ऐका' १९५९मध्ये आला आणि पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला. वसंत पवारांचं संगीत, ढोलकी अशी की आजही पाय हलतात. ती लावणी घराघरांत गेली. आमच्याही घरात रेडिओवर चालायची, त्याला आजीची हरकत नसायची. पण ज्यांच्या बोर्डावरून ती उचलली, त्या फडाचा आवाज मात्र घराच्या बाहेरच राहिला.

आणि तिसरं कारण लिहिताना जरा जड जातं. फडातले बहुतेक लोक कोणत्या जातींचे होते ते आपल्याला माहीत आहे. भाऊ-बापूंच्या फडाच्या नावातच ते होतं. जत्रेला आलेल्या फडाला आमच्या गावात शिधा मिळायचा, पण पंगत वेगळी. पाण्याचं भांडं वेगळं. रात्री ज्यांच्यावर दौलतजादा करायचा त्यांनाच सकाळी वाड्याच्या पायरीखाली उभं करायचं. स्वातंत्र्य मिळाल्यावर लगेचच मुंबई सरकारनं तमाशावर काही काळ बंदीसुद्धा घातली होती, अश्लील म्हणून. मग सुधारणा समिती आली, संहिता तपासणं आलं. ज्या गोष्टीची आपल्याला गोडी आहे पण लाजही वाटते, ती आपण जपून ठेवत नाही. रात्री ऐकतो आणि सकाळी विसरल्यासारखं करतो.

गंमत बघा. आमचा हा मुलूख नोंदी ठेवण्याबद्दल प्रसिद्ध आहे. नाणेघाटात सातवाहनांनी यज्ञात किती गायी, किती कार्षापणं दान दिली ते दगडात कोरून ठेवलंय. जुन्नरच्या लेण्यांत दूरदेशीच्या यवनांनी दिलेल्या दानांचीही नोंद आहे, दोन हजार वर्षं होत आली तरी वाचता येते. आणि ऐकण्याबद्दल म्हणाल तर नारायणगावजवळच आर्वीला १९७१मध्ये उपग्रहाशी बोलणारं देशातलं पहिलं व्यापारी भूकेंद्र सुरू झालं. खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या काही आजूबाजूच्या गावांत लांबवर पसरलेल्या. आकाशगंगांपलीकडून येणारी क्षीण कुजबुज त्या टिपतात. त्याच शिवारात रात्री ढोलकी वाजायची, ती मात्र टिपायची राहून गेली.

अगदीच कुणी काही केलं नाही असं नाही हं. १९९०मध्ये मुंबईत जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची एक संस्था सुरू झाली, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्यासारख्या मंडळींनी चोरबाजारातून, अडगळीतून तबकड्या गोळा केल्या, याद्या केल्या. मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन कंपनीच्या 'यंग इंडिया' तबकड्यांबद्दल मला पहिल्यांदा समजलं ते त्यांच्याच लिखाणामुळे. आणि मग ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. तिनं मोठं काम केलं. कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, म्हणजे प्रथमच गण-गवळण अख्खी मावायला लागली. काळू-बाळू, दत्ता महाडिक यांच्या कॅसेट एसटी स्टँडवरच्या टपऱ्यांवर मिळायच्या. पण त्याच कॅसेटची एक वाईट खोडही होती. तिच्यावर पुन्हा टेप करता यायचं.

इथे मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे.

माझे चुलते, नाना, मुंबईत डबेवाले होते. आमच्या जुन्नर-आंबेगाव-खेड भागातली कितीतरी घरं डब्यांवर चालली, त्यातलंच आमचं एक. नाना तमाशाचे भलते शौकीन. लालबागच्या हनुमान थिएटरला जायचे ते आठवड्याची सुट्टी सोडायचे नाहीत. १९८६च्या जत्रेला ते मुंबईहून टू-इन-वन घेऊन आले आणि कर्ण्याच्या खांबाखाली बसून त्यांनी गण, गवळण आणि बतावणी टेप केली. साठ मिनिटांची कोरी कॅसेट, दोन्ही बाजू भरल्या. सकाळी आईला म्हणाले, "वहिनी, तुम्हाला येता येत नाही ना, म्हणून तुमच्यासाठी आणलाय बघा तमाशा घरी." आईनं दुपारी दार लावून ऐकली. मीही ऐकली. टेप आणि कॅसेट नाना आमच्याकडेच ठेवून गेले.

पुढच्या वर्षी मी दहावीला. कुणीतरी सांगितलं की उत्तरं स्वतःच्या आवाजात टेप करून ऐकली की पाठ होतात. घरात कॅसेट दोन, एक भजनांची आणि एक ही. विकत मिळणाऱ्या कॅसेटच्या मागच्या दोन छोट्या पाती मोडलेल्या असतात, त्यामुळे तिच्यावर टेप होत नाही. भजनांची तशी होती. नानांच्या कॅसेटच्या पाती शाबूत होत्या. मी लाल बटण दाबलं आणि इतिहासाची प्रश्नोत्तरं वाचायला सुरुवात केली. टेपरेकॉर्डरमध्ये आधी पुसणारं हेड असतं आणि मग लिहिणारं, हे मला फार पुढे कळलं. म्हणजे माझा आवाज उमटायच्या आधी दर क्षणाला तो तमाशा कोरा होत होता.

आईच्या लक्षात आलं तेव्हा ती इतकंच म्हणाली, "असू दे, अभ्यासासाठी केलंस ना." नानांना आम्ही कधी सांगितलं नाही. त्यांनी एकदा विचारलं तर आई म्हणाली, कुणीतरी ऐकायला नेली ती परत आणून दिली नाही. नाना गेले, आई गेली. मला दहावीला इतिहासात चांगले मार्क पडले होते.

भाच्याच्या त्या फोननंतर मी माळ्यावरचं खोकं काढलं. कॅसेट होती. बुरशी धरलेली, पण फिरणारी. ओळखीच्या एका मुलानं ती साफ करून संगणकावर उतरवून दिली. पहिली बाजू संपूर्ण माझी. दुसरी बाजूही माझी, तिमाही परीक्षेचा अख्खा अभ्यास. आणि मग, शेवटच्या प्रश्नानंतर, बटणाचा खट् असा आवाज आणि ढोलकी! माझा अभ्यासक्रम कॅसेटपेक्षा चार मिनिटांनी लहान होता.

त्या चार मिनिटांत बतावणीचा शेवट आहे. सोंगाड्या कुणाला तरी पाटलाच्या बैलांवरून टोमणा मारतो, शब्द नीट कळत नाहीत. लोक हसतात. हलगी चढत जाते, ढोलकी तिला अडवते, पुन्हा सोडते. अगदी जवळ कुणीतरी खोकतं. ते नानाच असणार. कोणता फड तो, आता कळायला मार्ग नाही. मी ते वीसेक वेळा तरी ऐकलं असेल, आणि खरं सांगते, ऐकताना मजाच येते. वाईट वाटायचं ते ऐकून झाल्यावर वाटतं.

भाच्याला पाठवलं. तासाभरानं त्याचा निरोप आला, त्याच्या त्या ज्यू मित्राला ऐकवलं आणि तो विचारतोय, पूर्ण रेकॉर्डिंग कुठे मिळेल?

काय सांगणार!

म्हणून हा खटाटोप. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनापासून साठ वर्षांचा, त्यामुळे बऱ्याच जुन्या तबकड्या आता मोकळ्या झाल्या आहेत. यमुनाबाई वाईकरांची बैठकीची लावणी आवर्जून ऐका. मग मंगला बनसोडे ऐका, विठाबाईंची ही लेक, फड चालवणारी. आणि जमलं तर चैत्रात नारायणगावच्या बाजूला जाऊन प्रत्यक्षच ऐका, आता बायकांनाही कुणी अडवत नाही. तुमच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत कुणा काका-मामानं जत्रेत टेप केलेली कॅसेट असेल तर ती या सुट्टीत बाहेर काढा. आवाज उतरवून घ्या, वर गावाचं नाव, साल आणि फडाचं नाव लिहा. आणि त्याआधी, अगदी पहिल्यांदा, मागच्या त्या दोन पाती मोडून टाका.